आठ किलोचे पिल्लू, साठ किलोचा कुत्रा: न्यूफाउंडलंड घरी आणण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नोव्हा स्कोशियात डार्टमथला राहता. घराला कुंपण घातलेले अंगण आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, तुम्ही दोघेही नोकरी करता, आणि सासूबाई दरवर्षी मे ते सप्टेंबर साताऱ्याहून येऊन तुमच्याकडे राहतात. कुत्रा पाळायचा तर न्यूफाउंडलंडच, हे घरात ठरलेले आहे. एका ब्रीडरकडे एप्रिलमध्ये पिल्लू मिळू शकते, आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांना नवे घर शोधून देणाऱ्या एका रेस्क्यू संस्थेकडे चार वर्षांचा काळा नर आहे, ज्याला आधीच्या मालकांनी लहान घरात राहायला जाताना सोडून दिले. यांतले काय निवडावे, तयारी काय करावी, आणि पुढेमागे पुण्याला परतायचे झाले तर काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात शिकले आणि गेली बावीस वर्षे अटलांटिक कॅनडात प्राण्यांवर उपचार करते आहे. माझ्या स्वतःच्या घरात आजवर तीन न्यूफी, म्हणजे न्यूफाउंडलंड कुत्रे, झाले, पहिली पिल्लू म्हणून आलेली आणि नंतरचे दोघे रेस्क्यूमधले, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही. या जातीविषयी विचारायला येणारी बहुतेक माणसे स्वभावाविषयी विचारतात, आणि स्वभावाबद्दल फारसे सांगण्यासारखे नसते, कारण तो बहुधा उत्तमच असतो. प्रश्न वजनाचा असतो. प्रौढ नर साधारण साठ ते अडुसष्ट किलोचा आणि मादी पंचेचाळीस ते चौपन्न किलोची होते. फरशी, जिना, गाडी, औषधांचे बिल आणि मुलीची सुरक्षितता या सगळ्यांची उत्तरे शेवटी या एका आकड्याशी येऊन थांबतात.

माझ्या पहिल्या मादीच्या बाबतीत मीच चूक केली होती. ती दिसायला गोंडस आणि खायला हावरी होती, आणि मी रोज दुसऱ्यांना जे सांगत होते ते घरी पाळत नव्हते. पाच वर्षांची असताना ती पंचावन्न किलोची, म्हणजे तिच्या हाडापेराला सहा-सात किलोने जास्त, झाली होती, आणि एका फेब्रुवारीत बर्फावरून वळताना तिच्या गुडघ्यातले अस्थिबंध तुटले. शस्त्रक्रिया नीट झाली, परंतु पुढचे कित्येक आठवडे दिवसातून पाच वेळा तिच्या पोटाखालून आंघोळीचा टॉवेल घालून, त्याची दोन्ही टोके मुठीत धरून, तिचा मागचा भाग उचलत दारापुढच्या तीन पायऱ्या उतरवून तिला लघवीला न्यावे लागले. नवरा दौऱ्यावर असला की हे काम माझे एकटीचे असे. म्हणून कोणी न्यूफी घ्यायचा विचार सांगितला की मी प्रथम विचारते, ‘घरात उचलणारी माणसे किती आहेत?’ तुमच्याकडे दोन आहेत, तीही संध्याकाळी. त्यामुळे शेजारचे एखादे धट्टेकट्टे माणूस आताच जोडून ठेवा.

घराची तयारी याच हिशेबाने करावी. इकडच्या घरांतली लाकडी किंवा लॅमिनेटची फरशी या कुत्र्यांना बर्फासारखी निसरडी लागते. उठताना पाय फाकतात आणि खुब्याच्या सांध्यावर नको तो ताण येतो. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून त्याच्या झोपण्याच्या जागेपर्यंत खाली रबर असलेल्या लांब पट्ट्या अंथरून घ्या. ही खरेदी महागड्या बिछान्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण तुम्ही कितीही मऊ बिछाना आणला तरी न्यूफी तळघरातल्या थंड फरशीवर जाऊन पडणार हे जवळजवळ ठरलेले असते. जिन्याला वर आणि खाली लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक लावा. गाडीत चढण्यासाठी उताराची फळी घ्या आणि ती वापरायला पहिल्याच महिन्यात शिकवा, कारण साठ किलोचा कुत्रा ‘मला ही फळी आवडत नाही’ असे ठरवून बसला तर तुमचा वाद तिथेच संपतो. गारठ्याच्या दिवसांत घरातली उष्णता अठरा अंशांच्या आसपास ठेवावी लागेल. सासूबाई आल्यावर त्या हीटर चोवीसवर नेतील, कुत्रा धापा टाकत दाराशी जाऊन बसेल, आणि दोघांनाही तुम्हीच समजवायचे आहे.

लहान मुलीच्या संदर्भात कॅनडातल्याच एका प्रसिद्ध कुत्र्याची गोष्ट आठवते. न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर विमानतळाजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाकडे ‘पॅल’ नावाचा न्यूफी होता. खेळताना त्याचा पंजा एका सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर लागला आणि तिला ओरखडे आले. घरच्यांना धास्ती वाटून त्यांनी तो ‘रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा’ या पलटणीला देऊन टाकला. तिथे त्याचे नाव गँडर पडले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगच्या लढाईत जखमी सैनिकांजवळ पडलेला हातबाँब तोंडात धरून तो दूर पळाला आणि त्यात मेला. त्यासाठी २००० साली त्याला मरणोत्तर डिकिन पदक, म्हणजे युद्धातल्या प्राण्यांच्या शौर्याचा सन्मान, देण्यात आले. लोक या कथेचा उत्तरार्ध सांगतात. मला मात्र पूर्वार्ध महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याने माणसांसाठी जीव दिला, त्याच कुत्र्याच्या पंजाने एक मूल ओरबाडले होते, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. न्यूफी मुलांना चावत नाही असे जे म्हणतात ते बहुतांशी खरे असले, तरी तो पाडतो, टेकतो, पायावर उभा राहतो आणि शेपटीने चहाचे टेबल रिकामे करतो. पोहणाऱ्या मुलाला ‘वाचवायला’ पाण्यात उतरतो आणि नखांनी पाठ सोलून काढतो. म्हणून पहिला नियम असा की जे साठ किलोला चालणार नाही ते आठ किलोलाही चालू देऊ नये. मांडीवर चढणे, अंगावर उडी घेणे, पट्टा ओढणे आणि बाही दातांत धरणे ही चारही कामे आठव्या आठवड्यात फार गोड दिसतात, आणि आठव्या महिन्यात त्यांतल्या एकेकापायी माणूस दवाखान्यात जातो.

पिल्लू घ्यायचे ठरवलेत तर ब्रीडर कसा पारखावा, हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि त्यात घाई करू नये. या जातीत महाधमनीच्या झडपेखाली एक घट्ट कडे तयार होण्याचा जन्मजात दोष आढळतो. त्यामुळे हृदयाला अरुंद वाटेतून रक्त ढकलावे लागते, आणि तीव्र दोष असलेला तरुण कुत्रा वरवर ठणठणीत दिसत असताना अचानक कोसळू शकतो. म्हणून आई आणि वडील या दोघांचेही हृदय हृदयरोगतज्ज्ञाने तपासलेले असावे, आणि पिल्लांचेही आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास तपासून घेतलेले असावे. मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, वाढत्या वयात नव्याने ऐकू येऊ शकते, त्यामुळे ती तपासणी वर्षभराने पुन्हा करायची असते. खुबा आणि कोपर यांच्या क्ष-किरण चित्रांवरून अमेरिकेतली ओएफए ही संस्था श्रेणी देते. खुब्याची अंतिम श्रेणी चोवीस महिन्यांच्या आधी मिळत नाही, म्हणून दीड वर्षाच्या मादीला पिल्ले झाली असतील तर तिथेच विषय संपवावा. चौथी गोष्ट सिस्टिनुरियाची, म्हणजे लघवीत सिस्टिन साचून मुतखडे होण्याची. हा दोष दोन्ही पालकांकडून आला तरच पिल्लात प्रकट होतो आणि साध्या डीएनए चाचणीने कळतो. पालकांपैकी एक जरी निर्दोष असला तरी पिल्लांना हा आजार होत नाही, त्यामुळे ही चाचणी न करण्याला आज कोणतेही कारण उरलेले नाही. ओएफएची नोंद संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. ब्रीडरच्या तोंडी आश्वासनावर न थांबता पालकांची नोंदणीकृत नावे मागून घ्या आणि स्वतः पाहा.

‘कागदपत्रांशिवाय घेतलेत तर स्वस्तात देतो’ असे कोणी म्हटले तर ते कॅनडाच्या कायद्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या. शुद्ध जातीचा म्हणून विकलेल्या प्राण्याचे नोंदणीपत्र विक्रेत्याने सहा महिन्यांच्या आत, वेगळे पैसे न घेता द्यावे लागते. रंगाच्या बाबतीत सांगायचे तर, कॅनडाच्या मानकात काळा आणि पांढरा-काळा एवढेच दोन रंग मान्य आहेत, तर अमेरिकेत तपकिरी आणि करडाही चालतो. घरात पाळण्याच्या दृष्टीने याला काहीही महत्त्व नाही, मात्र कोणी ‘दुर्मीळ रंग’ म्हणून जास्त पैसे मागू लागला तर पाकीट खिशातच राहू द्यावे. चांगला ब्रीडर तुम्हालाच प्रश्न विचारून भंडावतो आणि कधीही कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो परत घेण्याची अट करारात स्वतःहून घालतो.

पिल्लाच्या आहाराबाबत आपल्या मराठी घरांतली एक सवय मला सतत अडवावी लागते. मोठी हाडे म्हणजे भरपूर कॅल्शियम, असे समजून भारतातून सिरपच्या बाटल्या आणल्या जातात. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम रोखता येत नाही, ते शरीरात शिरते आणि वाढणारी हाडे वाकडी होतात. महाकाय जातींच्या पिल्लांना वेगाने नव्हे, तर सावकाश वाढवायचे असते. खाद्याच्या पाकिटावर, प्रौढपणी सत्तर पौंड किंवा त्याहून अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही ते योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहा, आणि त्यावर दूध, तूप, पावडर, काहीही टाकू नका. पिल्लू दर आठवड्याला किलोच्या वर वाढते, म्हणून बरगड्या दिसू नयेत पण हलक्या हाताला लागाव्यात, ही खूण तारखेच्या तक्त्यापेक्षा भरवशाची समजावी. व्यायामाबाबत नॉर्वेत झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उपयोगी आहे, कारण त्यातल्या चार जातींत न्यूफाउंडलंडही होता. पहिल्या तीन महिन्यांत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष अधिक आढळला, आणि मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर मोकळे बागडलेल्यांत कमी. तुमचे अंगण त्यासाठी पुरेसे आहे, मात्र पट्ट्याला बांधून नेलेली लांबची फेरी आणि चेंडूमागे पळवणे दीड वर्षापर्यंत टाळा.

यापुढची अडचण वेळेची आहे. आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी बाहेर न्यावे लागते, आणि जगाशी ओळख करून देण्याचा उत्तम काळ तीन-साडेतीन महिन्यांच्या आतच निसटतो. तुम्ही दोघे कामावर असताना हे कोण करणार? मेपासून सासूबाई घरी असतील हे तुम्ही लिहिले आहे. एप्रिलमध्ये आणलेले पिल्लू मेमध्ये बारा-तेरा किलोचे आणि ऑगस्टमध्ये तीस किलोच्या पुढे गेलेले असेल. सत्तरीतल्या बाईंच्या हाती त्याचा पट्टा देणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

आता त्या चार वर्षांच्या नराकडे वळू. रेस्क्यूमधला कुत्रा म्हणजे काहीतरी बिघडलेला कुत्रा, ही समजूत या जातीत तरी क्वचितच खरी ठरते. घर बदलणे, घटस्फोट, मालकाचे आजारपण, आणि सर्वांत जास्त म्हणजे केस, लाळ व आकार यांचा आधी न केलेला अंदाज, यांपायी हे कुत्रे सोडले जातात. त्याचा मोठा फायदा असा की जे पिल्लात केवळ संभवनीय असते ते इथे समोर उभे असते. त्याला भेटायला जाल तेव्हा कठीण फरशीवर त्याला तुमच्यापासून दूर चालवत न्यायला सांगा आणि मागून पाहा. दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलत असेल, किंवा बसल्यावर उठताना पुढच्या पायांवर सगळा भार टाकून मागचा भाग ओढत असेल, तर खुब्याचा एक्स-रे झाल्याशिवाय हो म्हणू नका. पंजा हातात घेऊ देतो का, कान उलटून पाहू देतो का, भांड्यात खाणे असताना जवळून माणूस गेले तर ताठ होतो का, हे संस्थेच्या माणसाकडून करवून घ्या. मुलीला पहिल्या भेटीत न्या, मात्र ती बसलेली असावी आणि कुत्र्याने स्वतःहून तिच्याकडे यावे.

तपासण्यांत हृदयाची सोनोग्राफी, थायरॉइडसह रक्त, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची चाचणी मागा. नोव्हा स्कोशियात लाइम या गोचिडांपासून होणाऱ्या आजाराचे प्रमाण कॅनडात सर्वाधिक आहे आणि त्या काळ्या दाट केसांत गोचीड डोळ्यांना नव्हे तर बोटांनाच सापडते. विमा घरी आणल्याच्या दिवसापासून सुरू करा, कारण आधी निदान झालेल्या आजाराचा खर्च बहुतेक कंपन्या पुढे भरून देत नाहीत. घरी आल्यावर पहिले तीन आठवडे पाहुणे, वाढदिवस, समुद्रकिनारा काहीही नको. त्याला तुमच्या दिवसाची लय कळू द्या. पहिल्या आठवड्यातला शांत कुत्रा अनेकदा शांत नसून गोंधळलेला असतो, आणि त्याचा खरा स्वभाव दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उलगडतो.

केसांविषयी लोक ‘गळतात का?’ एवढेच विचारतात. गळतात, वर्षातून दोनदा तर पोतेभर. पण त्रास गळणाऱ्या केसांचा नसतो, न गळता आत अडकून राहिलेल्या केसांचा असतो. रेस्क्यूमधल्या माझ्या दुसऱ्या कुत्र्याला पहिल्या दिवशी टेबलावर घेतले तेव्हा वरून तो चकचकीत दिसत होता. कानामागे बोटे घातली तर घोंगडीच्या तुकड्यासारखा एक पट्टा हाताला लागला, आणि तो कात्रीने सुटा करून उचलला तेव्हा खाली तळहाताएवढी ओली, लाल, कुबट वासाची जखम होती. वरवर कंगवा फिरवणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. आठवड्यातून दोनदा, पायापासून सुरुवात करून, एका हाताने वरचे केस उलटे धरून त्वचेची रेघ दिसेल असा भांग पाडायचा आणि खालचा थर त्वचेपासून बाहेर विंचरायचा, मग भांग बोटभर वर सरकवायचा. कानामागे, कोपरांखाली आणि मांड्यांच्या मागे अधिक वेळ द्या. आंघोळ किंवा समुद्र झाल्यावर जोरदार हवेच्या ब्लोअरने मुळापर्यंत वाळवा. टॉवेल पुरत नाही. उन्हाळ्यात मुंडण मात्र करू नका, कारण वरचा थर पुन्हा पूर्वीसारखा येईलच असे नाही. लाळेसाठी प्रत्येक खोलीत एक जुना पंचा टांगलेला असावा. छतापर्यंत लाळ कशी पोहोचते, हे तुम्हाला पहिल्या महिन्यात कळेलच.

सासूबाईंशी मात्र आधीच बोलून ठेवा, आणि ते प्रेमानेच बोलावे लागेल. उपाशी दिसणाऱ्या जिवाला घास न घालणे त्यांच्या हातून होणार नाही. त्यांना रोज दोन तुकडे साध्या, तूप न लावलेल्या पोळीचे देण्याची मुभा द्या, म्हणजे बाकीचे थांबते. कांदा-लसणाची आमटी त्याच्या रक्तपेशी फोडते आणि मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला मनुका आणि बेसनलाडवावरचा मनुका तेवढाच घातक आहे. जमिनीवरची समई आणि दिवाळीच्या पणत्या त्याच्या शेपटीच्या उंचीच्या वर ठेवा. घरातल्या प्रत्येकाला पोटाला पीळ पडण्याची लक्षणेही तोंडपाठ हवीत: पोट ढोलासारखे फुगणे, ओकारीचे उमाळे येऊन काहीच न पडणे, आणि एका जागी न टेकणे. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. त्याच तासाला आणीबाणीचा दवाखाना गाठायचा असतो. तो पत्ता आजच फ्रिजवर लावा. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर त्याच भुलीत जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पुण्याचे म्हणाल, तर ज्या बेटावरच्या कोळ्यांनी जाळी ओढायला ही जात घडवली तिथल्या सेंट जॉन्स शहरात जुलैतही दुपारी साधारण वीस-एकवीस अंश असते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा अडतीस-चाळीसवर जातो. एसीच्या खोलीत दिवसभर कोंडून जगवता येईल, पण मी ते करणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही. या कुत्र्याचे आयुष्य आठ ते दहा वर्षांचे असते. पिल्लू घेतलेत तर तेवढी सगळी वर्षे इथे राहण्याची तयारी हवी. चार वर्षांच्या नरासाठी हा हिशेब चार ते सहा वर्षांवर येतो.

तुमचे तास, तुमची मुलगी आणि मेमध्ये येणारी आजी हे सगळे धरून मी त्या नराच्या बाजूने आहे, हृदय आणि खुबा तपासणीत ठीक निघाले या अटीवर. त्याला मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणा, म्हणजे सासूबाई येईपर्यंत दोन महिने मिळतील आणि पट्ट्याला सैल चालणे व दारात थांबणे एवढे दोन धडे पक्के होतील. संस्थेकडे आधी काही आठवडे तात्पुरता सांभाळ करण्याची सोय असेल तर ती मागून घ्या. भेटीला जाल तेव्हा त्याचे नेमके वजन विचारा. चौसष्ट किलोच्या वर असेल तर पहिल्या दिवसापासून खाद्य कपाने न मोजता वजनकाट्यावर मोजा.